फोटोची डावी बाजू

भैयाजी थूल यांची उभी नोकरी पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात गेली. धरण कुठं होणार, कालवा कुठून वळणार, पाणी कुणाच्या शेतापर्यंत चढणार, हे सगळं त्यांनी आधी कागदावर काढलं आणि मग वर्षानुवर्षांनी जमिनीवर पाहिलं. काही पाहायलाच मिळालं नाही, कारण ती धरणं कागदावरच राहिली. निवृत्त झाल्यावर वर्ध्याचं भाड्याचं घर सोडून ते आपल्या गावी, समुद्रपूरला आले. वडिलांच्या जागेवर छोटंसं पक्कं घर बांधलं. घर बांधून झाल्यावर मात्र काय करावं ते सुचेना. रोज बस स्टँडवर जाऊन पेपर वाचायचा, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या पाहायच्या आणि जेवायला घरी यायचं, असं चाललं होतं. त्यांची एकुलती एक मुलगी नंदिनी पुण्याला बँकेत आहे. तिला बापाचं हे असं बसणं पाहवेना. तिनं त्यांना एक चांगला कॅमेरा घेऊन दिला.

कॅमेरा हातात आला आणि भैयाजींना जणू दुसरी नोकरी लागली. लग्नाबारशाचे फोटो काढायला कुणी बोलावलं तर ते सरळ नाही म्हणत. त्यांना मोकळी जमीन लागायची. टेकडी, नाला, तुरीचं पिवळं शेत, पाण्यात बुडालेलं झाड. स्कूटरवर मागं कमलाला बसवायचं आणि उजाडायच्या आत निघायचं. कधी गिरडची टेकडी, कधी पवनारला धाम नदीचं पात्र, कधी देवळीच्या पुढं नुसता कपाशीचा उघडा रस्ता. कमला पिशवीत भाकर, ठेचा आणि पाण्याची बाटली घ्यायची. नवरा तिपाई लावून डोळा बारीक करून उभा राहिला की ती कुठल्या तरी दगडावर किंवा बांधावर बसायची.

भैयाजींच्या पुष्कळ फोटोंत ती दिसायची. एका कोपऱ्यात, लहानशी, बहुतेक पाठमोरी. फोटोत माणूस असलं म्हणजे झाड केवढं आहे ते कळतं, असं भैयाजींचं म्हणणं. नकाशाच्या खाली जशी मोजपट्टी काढतात तशी फोटोत कमला. ती हसून शेजारच्या अनुसयाबाईला सांगायची की लग्नाला एवढी वर्षं झाली तेव्हा कुठं नवऱ्याला आपला उपयोग कळला.

तिचा खरा उपयोग दुसराच होता, आणि तो भैयाजींना तेव्हा माहीत नव्हता. घरी आल्यावर ते समोरच्या खोलीत कॉम्प्युटरपुढं बसायचे. फोटो मोठा करायचा, क्षितिज सरळ करायचं, कडा कापायच्या, सावल्या थोड्या उघडायच्या, रंग नीट लावायचे. कमला बाजूच्या खाटेवर तुरीची डाळ निवडत बसलेली असायची आणि मधून मधून मान वर करून पडद्याकडं पाहायची.

"लय निळं झालं," ती म्हणायची. "आभाळ असं असते काय?"

भैयाजी कुरकुरत रंगाची कळ मागं ओढायचे. ती बस म्हणेपर्यंत ओढायचे. त्यांना वाटायचं, बाईमाणसाची आवड आहे, तिला ऊबदार रंग बरे वाटतात. पण कमलानं कधीच ताडलं होतं की नवऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो आहे. पांढऱ्या बनियनला ते मळकी म्हणायचे, दोन वेळा धुतलेली चादर परत धुवायला टाकायचे. वर्ध्याला जाऊन डोळे दाखवा म्हणून ती मागं लागली होती. भैयाजी म्हणायचे, मले सगळं दिसते, दिवाळीनंतर पाहू. दिवाळी आली आणि गेली.

त्याच हिवाळ्याच्या शेवटी नागपूरच्या एका फोटोग्राफी मंडळानं स्पर्धा जाहीर केली. विदर्भातल्या फारशा कुणी न पाहिलेल्या जागांचे फोटो मागवले होते. निवडक फोटोंचं प्रदर्शन आणि पुढच्या वर्षाचं कॅलेंडर. भैयाजींच्या डोळ्यांपुढं एकच जागा आली. गिरडच्या पुढं, जंगलाच्या कडेला एक तलाव होता. त्याचा नकाशा त्यांनी तरुणपणी काढला होता. तेव्हा तिथं नुसता नाला होता आणि सागाची झाडं. पाणी कुठपर्यंत येईल ती रेघ त्यांच्या हातानं पडली होती, आणि त्या रेघेच्या आत आलेली झाडं पुढं पाण्यात गेली. अजून त्यातली काही वाळलेली खोडं पाण्यातून वर उभी होती.

पहिल्यांदा ते संध्याकाळी गेले आणि हात हलवत परत आले. ऊन पाठीमागून येत होतं, पाणी मेल्यासारखं सपाट दिसत होतं. मग पहाटे गेले. तेव्हा जागा जमली. खाली उजव्या हाताला गुरांची पायवाट चिखलातून वळत पाण्याकडं जात होती. तिच्या पुढं ती वाळलेली खोडं, त्यांची पाण्यातली उलटी सावली, त्यामागं धुक्याची पातळ पट्टी आणि पलीकडच्या काठावर पळस फुललेले. उजवीकडं सगळं भरलेलं होतं. डावीकडं मात्र काळ्या दगडांचा काठ आणि रिकामं पाणी. नजर पायवाटेनं आत जायची, झाडांवरून फिरायची आणि डावीकडं येऊन घसरून पडायची. तिथं काहीतरी हवं होतं.

"तू त्या मोठ्या दगडावर जाऊन बस," भैयाजींनी कमलाला सांगितलं.

ती गेली. हळू गेली. अलीकडं ती लवकर दमत होती. जेवणावरही मन नव्हतं. सारखी हात खाजवायची. विचारलं तर म्हणायची, डास चावले. भैयाजींनी फार खोदून विचारलं नव्हतं. त्यांचं सगळं लक्ष पळसावर ऊन कधी पडतं तिकडं होतं. ऊन आलं आणि त्यांनी फोटो काढायला सुरुवात केली. कमला दगडावर पाण्याकडं तोंड करून बसली होती. एका क्षणी तिनं मागं वळून पाहिलं, झालं का म्हणून विचारायला. तेव्हाच उन्हाची पहिली तिरीप तिच्या चेहऱ्यावर पडली, आणि भैयाजींचं बोट दाबलं गेलं.

घरी येऊन सगळे फोटो पाहिल्यावर त्यांना तोच फोटो पसंत पडला. एरवी त्यांना फोटोतली कमला पाठमोरीच आवडायची, पण या फोटोत तिचं वळून पाहणं सगळं चित्र बांधून ठेवत होतं. पायवाट, झाडं, धुकं, पळस, आणि मग ती. नजर तिथं थांबायची आणि परत फिरायची. आजवर काढलेल्या फोटोंत हा सगळ्यांत सरस, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं. दोन-तीन दिवस ते त्याच्यावरच बसले होते. धुकं थोडं उजळ केलं, दगडांवरची काळोखी कमी केली, पळसाचा रंग भडक होऊ दिला नाही. मग कमलाला हाक मारली.

ती खाटेवरून उठून आली आणि खुर्चीच्या मागं उभी राहिली. बराच वेळ फोटोकडं पाहत राहिली. भैयाजींना वाटलं, निळं झालं असेल. ते कळ मागं ओढायला लागले, तर ती म्हणाली,

"मले काढून टाका त्याच्यातून."

भैयाजींनी वळून पाहिलं. काऊन, म्हणून विचारलं. ती म्हणाली, चांगला देखावा हाय, माणूस कायले पाहिजे. त्यांनी तिला समजावून सांगितलं की तिच्यामुळंच तो देखावा उभा राहतो, ती नसली तर डावी बाजू रिकामी पडेल आणि सगळं चित्र उजवीकडं कलंडेल. पडद्यावर बोटानं रेघ काढून दाखवलं. ती ऐकत होती, पण पडद्याकडं पाहत नव्हती.

"नागपूरले मोठे मोठे लोक पाहतीन," ती म्हणाली. "मी तिथं चांगली नाई दिसत. एवढं आयका माहं."

कमला कधी हट्ट करणारी बाई नव्हती. म्हणून भैयाजी आणखी वाद घालू शकले नाहीत. थोडे रागावले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी फोटोची डावी बाजू कापली. दगड गेला, कमला गेली. उरलेलं चित्र उजवीकडं थोडं कलंडलेलं वाटत होतं, ते वरची कडा कापून त्यांनी जमेल तसं सावरलं. रंगांत कमलाला त्या वेळी काही खटकलं नाही. बरं हाय म्हणाली. फोटो नागपूरला गेला.

उन्हाळा चढला आणि एका सकाळी ओट्यापाशी भाकर थापता थापता कमला खाली बसली ती उठलीच नाही. भैयाजी आणि अनुसयाबाईनं तिला गाडी करून वर्ध्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं तिच्या डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली आणि विचारलं, कावीळ कधीपासून आहे. भैयाजी गोंधळले. त्यांना तर आता सांगितल्यावर डोळे पिवळे दिसले, तेही नीट नाही. उत्तर कमलानंच दिलं. आठ-दहा दिवस झाले असतील, म्हणाली. अनुसयाबाई दाराशी उभी होती. ती खाली मान घालून उभी राहिली.

तपासण्या झाल्या. पित्ताशयात कॅन्सरची गाठ होती आणि ती यकृतात पसरली होती. नंदिनी पुण्याहून धावत आली. तिनं नागपूरच्या डॉक्टरांनाही कागद दाखवले. सगळ्यांचं सांगणं एकच निघालं, की आता त्रास कमी करण्यापुरतंच हातात आहे. कमलाला घरी आणलं. शेवटचे दिवस ती खिडकीपाशी खाट ओढून पडून असायची. बोलणं कमी झालं होतं. कधी नंदिनीला जवळ बोलावून तिचे केस विंचरायची, हात थकला की तसाच डोक्यावर ठेवायची. गावात पेरण्या सुरू झाल्या तेव्हा ती गेली. भंते आले, वंदना झाली, पुण्यानुमोदनाला वर्ध्याहून जुने सहकारी आले. कमलाचा नंदिनीच्या लग्नातला फोटो मोठा करून भिंतीवर लावला. तो भैयाजींनी काढलेला नव्हता.

नंदिनीनं बापाला पुण्याला चला म्हटलं. ते गेले नाहीत. तिथं करायचं काय, म्हणाले. पण त्यांनी कॅमेरा सोडला नाही. उलट जास्तच फिरू लागले, आता एकटेच. फोटो नीट करून नंदिनीला मोबाइलवर पाठवायचे. ती आधी छान म्हणायची. मग एकदा तिनं विचारलं, बाबा, हे असे निळे काऊन करून राह्यले तुमी? सोयाबीनचं शेतसुद्धा शाईत बुडवल्यासारखं दिसते. भैयाजींना काही कळेना. त्यांना तर ते शेत पिवळसर हिरवंच दिसत होतं.

दिवाळीला ती आली तेव्हा तिनं त्यांचं काही न ऐकता वर्ध्याला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. आतलं भिंग चहाच्या पाण्यासारखं झालंय, यांना सगळं जग चहातून दिसतंय. आधी डावा डोळा करू, महिन्या-दोन महिन्यांनी उजवा.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तेव्हा भैयाजींना पहिल्यांदा दिसला तो नर्सचा पांढरा कोट. एवढा पांढरा रंग असतो हे ते विसरून गेले होते. घरी परत येताना ते बसच्या खिडकीतून बाहेर पाहत राहिले. आभाळ निळं होतं. घराच्या ज्या भिंती रंगारी फसवून पिवळट रंगवून गेला असं त्यांना इतके दिवस वाटत होतं, त्या पांढऱ्याशुभ्र होत्या. कमलानं तेव्हा किती वेळा सांगितलं होतं की भिंत पांढरीच हाय, आणि त्यांनी रंगाऱ्याचे पैसे कापले होते.

संध्याकाळी चहा झाल्यावर ते कॉम्प्युटरपुढं बसले. गेल्या चार महिन्यांत एकट्यानं केलेले फोटो उघडले. नंदिनी म्हणत होती तेच खरं होतं. सगळे निळे, थंडगार, प्रेताच्या ओठांसारखे. मग त्यांनी त्याआधीचे, कमला असतानाचे फोटो उघडले. ते सगळे बरोबर होते. माती मातीच्या रंगाची, पाणी पाण्याच्या. एकामागून एक त्यांनी पुष्कळ फोटो पाहिले. मग त्यांना समजलं की ती खाटेवर बसून डाळ निवडत होती तेव्हा काय करत होती. नंदिनी आत स्वयंपाक करत होती. तिला हुंदका ऐकू आला, पण ती लगेच बाहेर आली नाही. थोडं थांबून आली आणि जवळ बसली.

चार-सहा दिवसांनी नागपूरहून फोन आला. तलावाचा फोटो निवडला गेला होता. परीक्षकांना फार आवडला होता. फक्त नियमाप्रमाणे कॅमेऱ्यातून आलेली मूळ फाइल पाठवा, म्हणजे फोटोत बाहेरचं काही जोडलेलं नाही याची खात्री होईल, असं फोनवरच्या माणसानं सांगितलं. भैयाजींना बरं वाटलं. नंदिनीला हाक मारून त्यांनी ते सांगितलं आणि मूळ फाइल शोधायला बसले.

फाइल उघडली. न कापलेली, काहीही न केलेली, जशी त्या सकाळी होती तशी. पायवाट, खोडं, धुकं, पळस. आणि डावीकडं दगडावर वळून पाहणारी कमला. किती दिवसांनी ते तिला पाहत होते. त्यांनी तो भाग मोठा केला. आणखी मोठा केला. उन्हाची तिरीप तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर होती, अर्धा चेहरा सावलीत. तिचे पांढरे केस पांढरे होते. तिच्या लुगड्याची पांढरी किनार पांढरीच होती. चेहरा पिवळा होता. उन्हाचा पिवळा नव्हता, कारण सावलीतला गालही तसाच होता. गळा तसाच. दगडावर टेकलेला हात तसाच.

भैयाजींनी फोटो बंद करून परत उघडला. मग त्यांनी नंदिनीला बोलावून विचारलं, पडद्याच्या रंगात काही बिघाड आहे का. नंदिनी पाहत राहिली. तिनं फोटोची तारीख पाहिली. दवाखान्यात नेलं त्याच्या कितीतरी आधीची होती ती. तिला आठवलं की त्याच दिवसांत आई व्हिडिओवर येईनाशी झाली होती. मोबाइलचा कॅमेरा खराब झाला म्हणून नुसतं साध्या फोनवर बोलायची.

"आठ-दहा दिवस नव्हते ते, बाबा," ती म्हणाली. "आईनं खोटं सांगितलं."

भैयाजी तसेच उठून शेजारी अनुसयाबाईच्या दारात गेले. अनुसयाबाई अंगणात वाल सोलत बसली होती. भैयाजींचा चेहरा पाहूनच तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. त्यांना काही विचारावंही लागलं नाही फारसं. ती रडत रडत सांगू लागली. थंडीतच कमलाचे डोळे पिवळे पडायला लागले होते. साधी कावीळ असेल म्हणून दोघी जणी बसनं एका गावाला जाऊन आल्या होत्या. तिथं एक म्हातारा कावीळ उतरवतो, गळ्यात मुळांची माळ घालतो. माळ लांब होत जाते तशी कावीळ उतरते म्हणतात. कमलानं ती माळ लुगड्याच्या आत घातली होती. उतरली नाही.

"मी म्हणत होती, भाऊजीले सांग," अनुसयाबाई म्हणाली. "कमला म्हणे, फोटो नागपूरले जाऊ दे, मंग सांगीन. फोटो गेला तं म्हणे, निकाल लागू दे. आत्ता सांगतलं तं हे सगळं सोडून मले दवाखान्यात नेऊन बसतीन. एवढ्या वर्साचा त्याहिचा जीव हाय त्या तलावात. अन् म्हणे, त्याहिले दिसूनबी नाई राह्यलं, बरंच हाय."

भैयाजींना राग आला होता. तो अनुसयाबाईवर काढता आला असता तर बरं झालं असतं. पण समोर ती बाई पदरानं तोंड दाबून रडत होती, आणि मैत्रिणीला दिलेला शब्द पाळण्यापलीकडं तिनं काही केलं नव्हतं. तुमी तरी सांगाचं होतं वहिनी, एवढंच ते म्हणाले आणि परत आले.

नंदिनीनं पुण्याच्या एका ओळखीच्या डॉक्टरला फोन करून विचारलं, की ते आधी कळलं असतं तर काय झालं असतं. डॉक्टरनं खूप विचार करून उत्तर दिलं. कावीळ दिसते तोवर हा आजार बहुतेक वेळा हाताबाहेर गेलेला असतो. तरी एखाद्याचं ऑपरेशन होऊ शकतं. तुमच्या आईचं झालं असतं की नाही ते आता सांगता येत नाही. नंदिनीनं ते जसंच्या तसं बापाला सांगितलं. एखादं खोटं सांगून त्यांचं मन राखावं असं तिला वाटलं होतं, पण या घरात तेवढं खोटं पुरे झालं असाही विचार तिच्या मनात आला. भैयाजींनी मान हलवली. सांगता येत नाही हे उत्तर घेऊन त्यांना पुढचं आयुष्य काढायचं होतं.

दुसऱ्या दिवशी नंदिनी कामात असताना ते पुन्हा फोटोपुढं बसले. रंगांच्या कळा तर होत्याच. फक्त चेहऱ्यापुरता भाग निवडून पिवळा रंग थोडा काढायचा, थोडा लाल द्यायचा, की झालं. त्यांनी ते केलं. नकाशे काढणारा हात होता, कडा कुठं कळूसुद्धा दिली नाही. कमलाचा चेहरा गव्हाळ झाला, जसा होता तसा. तब्येतीनं चांगली असलेली एक बाई पहाटे तलावाकाठी बसून नवऱ्याकडं वळून पाहत होती. भैयाजींनी ते थोडा वेळ पाहिलं. मग त्यांना वाटलं की आपण दुसऱ्यांदा तेच करतो आहोत. तिला काय होतंय ते तेव्हा पाहिलं नाही, आणि आता दिसतंय तर पुसून टाकतोय. त्यांनी केलेलं सगळं परत फिरवलं. चेहरा पुन्हा पिवळा झाला.

पण मग त्यांनी आणखी एक गोष्ट केली, ती नंदिनीला पुष्कळ दिवसांनी कळली. त्यांनी ऑपरेशन झालेला डावा डोळा तळहातानं झाकला आणि जुन्या, उजव्या डोळ्यानं फोटोकडं पाहिलं. त्या डोळ्यानं सगळंच पिवळसर होतं, पाणी, दगड, धुकं. त्यात कमलाचा चेहरा वेगळा नव्हताच. त्या डोळ्यानं ती बरी होती. त्या सकाळी तिपाईमागं उभं राहून त्यांनी पाहिलेली कमला तीच होती. त्यांनी हात काढला, परत झाकला. त्यांनी तिला खरंच पाहिलं नव्हतं असं नव्हतं. या डोळ्यानं जे दिसत होतं तेवढं त्यांनी पाहिलं होतं.

नागपूरला काय कळवायचं हा प्रश्न राहिला होता. भैयाजींच्या मनात आलं, फोटो परत घ्यावा. तो फोटो नसता तर ती आधीच बोलली असती. नंदिनी यावर पहिल्यांदा बापावर रागावली. तिचं म्हणणं, आईनं ज्याच्यासाठी गप्प राहून सोसलं तेच तुम्ही माघारी घेणार, तर मग तिनं कशासाठी सोसलं? भैयाजी उठून कॉम्प्युटरपुढं बसले. त्यांनी मूळ फाइल पाठवून दिली.

पुढच्या आठवड्यात तिकडून पुन्हा फोन आला. मंडळाचे लक्ष्मणराव म्हणून एक वयस्कर गृहस्थ होते, ते स्वतः बोलत होते. त्यांनी मूळ फोटो पाहिला होता. म्हणाले, साहेब, तुम्ही हा कापलात कशाला? डावीकडची ती बाई म्हणजे या फोटोचा जीव आहे. सगळं चित्र तिच्यावर तोललेलं आहे. तुमची परवानगी असेल तर आम्ही पूर्ण फोटोच छापतो.

"मले माईत हाय," भैयाजी म्हणाले. "पण तिनं काढाले सांगतलं होतं. कापलेलाच छापा."

लक्ष्मणरावांनी आणखी विचारलं असतं, पण भैयाजींच्या आवाजावरून त्यांना काय ते कळलं असावं. बरं म्हणाले आणि फोन ठेवला.

प्रदर्शनाला भैयाजी आणि नंदिनी दोघं गेले. फोटो मोठा करून चांगल्या जागी लावला होता. लोक थांबत होते, शांत वाटतं म्हणत होते, ही जागा कुठं आहे म्हणून विचारत होते. भैयाजी रस्ता सांगायचे, गिरडहून पुढं, जंगलाच्या कडेनं. एक तरुण मुलगी बराच वेळ उभी राहून म्हणाली, फोटो छान आहे पण काहीतरी कमी आहे असं वाटतं. तिच्या सोबतच्या मुलानं तिला गप्प केलं. भैयाजी म्हणाले, नाही, बरोबर आहे तुझं. परतीच्या बसमध्ये नंदिनी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. ते जागेच होते, बाहेर कापूस भरलेले ट्रॅक्टर जाताना पाहत होते.

उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख आली तेव्हा भैयाजींनी सर्दीचं कारण सांगून ती पुढं ढकलली. मग अनुसयाबाईच्या नातीचं लग्न निघालं. मग थंडी फार होती. नंदिनी फोनवर समजावायची, रागवायची, एक डोळा नवा आणि एक जुना असं ठेवून पायरी चुकते म्हणायची. ते हो हो म्हणायचे. संध्याकाळी चहा झाला की तलावाचा तो पूर्ण फोटो उघडायचे, डावा डोळा झाकायचे आणि बसून राहायचे. एकदा न सांगता आलेल्या नंदिनीनं ते दारातून पाहिलं. ती पाऊल न वाजवता मागं फिरली, आणि त्यानंतर तिनं ऑपरेशनचा विषय काढणं बंद केलं.

उन्हाळा आला, गेला. उजवा डोळा दिवसेंदिवस गढूळ होत चालला. आधी फोटोतले पळस गेले, मग धुक्याची पट्टी आणि पाणी एक झालं. पाऊस संपून सोयाबीन कापायला आलं तोवर त्या डोळ्यानं दगड कुठं संपतो आणि कमला कुठं सुरू होते तेही कळेना. भैयाजी बराच वेळ खुर्ची पुढं-मागं करत राहिले, पडद्याचा उजेड वाढवून पाहिला. मग कॉम्प्युटर बंद करून त्यांनी नंदिनीला फोन लावला.

"दवाखान्यातून तारीख घेजो," ते म्हणाले. "जवळची असन ते."